नकाशावरची प्रॉक्सी

हजेरीपटावर 'ए' लागला तर काय होतं, हे हॉस्टेलवरच्या कुणालाही विचारा. सेमिस्टरच्या शेवटी टक्के भरत नाहीत, केबिनबाहेर रांगेत उभं राहावं लागतं, घरून फोन येतो. त्रास होतो, पण खोटं काहीच नसतं. पोरगा वर्गात नव्हता आणि कागदावरही नाही. आता प्रॉक्सीचं बघा! हजेरीपट भरलेला, सर समाधानी, दोस्त खूश, फक्त बेंचवर कोणी नाही. कागद नुसता बघून ही भानगड कधीच कळत नाही, कारण कागदाला कुठे रिकामी जागाच नसते.

मित्रमैत्रिणींनो, नकाशावरसुद्धा अशी प्रॉक्सी लागते, हे मला या वर्षी जीआयएस शिकताना समजलं. वर्गातल्या प्रॉक्सीने फार तर एक लेक्चर बुडतं, नकाशावरच्या प्रॉक्सीने गावाचं पाणी बुडू शकतं. म्हणून हा लेखनप्रपंच! मी सिव्हिलची, थर्ड इयर. शाळा पक्की कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी संपादक मंडळाच्या भरवशावर सोडलं आहे.

आधी जीआयएस म्हणजे काय ते सांगते, कारण बाकीच्या ब्रँचना वाटतं की आम्ही लॅबमध्ये बसून नकाशे रंगवतो. भौगोलिक माहिती प्रणालीतल्या एका 'लेअर'मध्ये दोन गोष्टी असतात, आकार आणि त्या आकाराची माहिती. गावाची सीमा हा आकार. त्या आकाराच्या मागे तक्त्यातली एक ओळ लपलेली असते, तिच्यात गावाचं नाव, कोड, क्षेत्रफळ वगैरे. शेपफाईल आपण एकवचनात म्हणतो खरं, पण ते एकत्र कुटुंब आहे. एसएचपीमध्ये आकार, डीबीएफमध्ये तक्ता आणि कुठला आकार फाईलमध्ये कुठे आहे त्याची सूची ठेवणारी एसएचएक्स. पेनड्राइव्हवर फक्त एसएचपी घेऊन येणारा एक तरी महाभाग प्रत्येक बॅचमध्ये असतोच, आणि मग त्याचा नकाशा बिचारा एसएचएक्सच्या नावाने रडत बसतो.

आता गंमत अशी की नकाशा एका ठिकाणाहून मिळतो आणि आकडे भलत्याच ठिकाणाहून. गावाच्या सीमा एका खात्याकडे, लोकसंख्या जनगणनेकडे, पाण्याचे टँकर तिसऱ्याच कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये. या दोघांना एकत्र आणणं म्हणजे 'जॉईन'. क्यूजीआयएसमध्ये लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, 'जॉइन्स' उघडायचं, हिरवी अधिकची खूण दाबायची. तक्त्यातला कुठला रकाना आणि लेअरमधला कुठला रकाना ते सांगायचं, ओके म्हणायचं, झालं. दोन मिनिटांचं काम! स्थळं बघताना पत्रिका जुळवतात तसं सॉफ्टवेअर एकेक ओळ जुळवत जातं. जुळली तर आकडा आकाराला चिकटतो. नाही जुळली तर त्या गावाच्या पुढे 'नल' येतं आणि नकाशावर ते गाव कोरं राहतं.

फक्त हे भटजी फार काटेकोर आहेत, माणसासारखं 'चालतंय की' म्हणत नाहीत. वडगावचं स्पेलिंग एकीकडे 'डब्ल्यू'ने आणि दुसरीकडे 'व्ही'ने असेल तर त्यांच्या लेखी ती दोन गावं. मराठीत लिहिलं तरी सुटका नाही. 'वडगाव' आणि अनुस्वाराचं जुनं 'वडगांव' वेगळं. नावाच्या शेवटी कुणाच्या हातून स्पेसबार दाबला गेला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटरला दिसतं. सगळ्यात कहर म्हणजे 'कऱ्हाड'. त्यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त रीतींनी टाईप करता येतो. स्क्रीनवर दोन्ही शब्द अगदी जुळे भाऊ, आत मात्र अक्षरांचे आकडे वेगळे. तुम्ही तासभर टक लावून बसलात तरी तुम्हाला फरक सापडणार नाही.

नावांवर विसंबू नये याचं आणखी एक कारण आपल्या महाराष्ट्रानेच देऊन ठेवलंय. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला, कारंजा वर्ध्याला आणि वाशिमला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. नावाने जॉईन केलं तर कोकणातल्या कर्जतच्या पावसात दुष्काळी कर्जत भिजून निघायचं!

म्हणून कोड वापरायचा. वर्गात दोन स्नेहल असल्या तरी रोल नंबर एकाच स्नेहलचा असतो, तसं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, पुणे जिल्ह्याचा ५२१, आणि प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. पण इथेही एक्सेल साहेब मध्ये येतात. तालुक्याचा कोड पाच आकडी आहे आणि देशातले तालुके सहा हजारांच्या आत, म्हणजे प्रत्येक कोडच्या सुरुवातीला शून्य असणारच. एक्सेलला वाटतं की आकड्याच्या आधीच्या शून्याला काय किंमत, ते खाऊन टाकू. मग लेअरमधला पाच आकडी कोड आणि शीटमधला चार आकडी कोड एकमेकांना ओळख देत नाहीत. उपाय सोपा आहे. शीट उघडताना तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचा, नाहीतर क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये 'एलपॅड' वापरून गेलेली शून्यं परत बसवायची. बाबा नेहमी म्हणतात, शून्याची किंमत तो कुठे उभा आहे त्यावर असते. ते हे जीआयएसबद्दल म्हणत नसावेत, पण लागू पडतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हे तर लॅब जर्नल झालं! मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग मिनी प्रोजेक्ट आला.

आमच्या चौघांच्या ग्रुपला एका तालुक्यात उन्हाळ्यात कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा होतात, याचा नकाशा काढायचा होता. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. शंभराच्या वर गावं. शीट मिळाली, लेअर मिळाला. दोन्हीकडे नावही होतं आणि कोडही. सरांनी एक विचित्र गोष्ट करायला लावली. म्हणाले, "कोड बाजूला ठेवा. आधी नावाने जॉईन करून दाखवा." केला. हिरव्यापासून लाल रंगापर्यंत नकाशा झकास रंगला, मध्ये नऊ गावं तेवढी पांढरी राहिली.

सबमिशन तोंडावर होतं. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "नऊच आहेत यार, डिलीट मार. शंभरात नऊ कुणाला दिसतात?"

तेव्हा मी जरा चिडलेच, आणि त्याला कारण होतं. माझ्या आडनावात एक अक्षर आहे, जे शाळेच्या दाखल्यावर 'डब्ल्यू'ने आहे आणि आधार कार्डावर 'व्ही'ने. शाळेत सिस्टरने तिला योग्य वाटलं तसं लिहिलं, आधारच्या ऑपरेटरने त्याला योग्य वाटलं तसं. बाबांच्या नावापुढे रेशन कार्डावर 'राव' आहे, बाकी कुठे नाही. फर्स्ट इयरला माझा स्कॉलरशिपचा फॉर्म याच पायी अडकला. खिडकीवरचे काका म्हणाले, "सिस्टीममध्ये नाव मॅच होत नाही, तुम्ही त्याच कशावरून?" मग ॲफिडेव्हिट, मग खेटे, मग पुढची तारीख. मार्क होते, उत्पन्नाचा दाखला होता, मी स्वतः समोर उभी होते, पण सिस्टीमच्या लेखी मी 'नल'. पैसे मिळाले ते वर्ष उलटल्यावर. तोपर्यंत मेसचं बिल बाबांनी कसं भरलं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे नऊ गावं 'डिलीट मार' म्हटल्यावर मला ती खिडकीच आठवली. समोर उभ्या माणसाला 'तू नाहीस' म्हणण्यातलाच तो प्रकार!

तर ती नऊ गावं आम्ही एकेक करून शोधली. पाचांचं स्पेलिंग वेगळं. दोघांच्या शेपटाला स्पेस. एकाच्या नावात तो कऱ्हाडवाला र. ही झाली आठ. नवव्या गावाची शीटमध्ये ओळच नव्हती. एक स्थानिक मुलगा होता, त्याने सांगितलं की ते गाव बेचिराख आहे. हा शब्द मी बातम्यांमध्ये फक्त युद्धाच्या संदर्भात ऐकलेला. महसुली कागदांत बेचिराख गाव म्हणजे ज्याची सीमा आहे, जमीन आहे, नाव आहे, पण वस्ती नाही. जिथे चिराग म्हणजे दिवा लागत नाही ते बेचिराख. तिथे टँकर कशाला जाईल? म्हणजे नऊमधलं एक गाव कोरं होतं आणि कोरंच बरोबर होतं. डिलीट मारलं असतं तर आठ जिवंत गावं आणि हे एक, सगळी एकाच टोपलीत गेली असती.

आम्ही खुशीत सरांकडे गेलो. सरांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बेरीज करा."

शीटमधल्या खेपांची बेरीज ६४. नकाशावर रंगलेल्या गावांची बेरीज ४७. कोऱ्या राहिलेल्या आठ गावांच्या खेपा १४. सत्तेचाळीस आणि चौदा एकसष्ट. तीन खेपा गायब! पांढरं एकही गाव शिल्लक नाही, सगळ्यांना रंग आहे, मग पाणी गेलं कुठे?

अर्धा दिवस शोधल्यावर सापडलं. तालुक्यात एकाच नावाची दोन गावं होती. आपण वडगावच म्हणू. दोन्हीकडे नावाच्या रकान्यात नुसतं 'वडगाव', आणि पुढच्या रकान्यात इंग्रजीत एकाला 'बीके', दुसऱ्याला 'केएच'. मी आजीला फोन लावला. आजी हसलीच. म्हणाली, "अगं, बीके नाही, बुद्रुक. थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. एका नावाची दोन पोरं घरात असली तर हाक कशी मारायची, तसं आहे ते." हे शब्द फारसीतले, बुजुर्ग आणि खुर्दवरून आलेले, हे नंतर कळलं. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून मला लंडनच्या नदीचं नाव येत होतं आणि माझ्या राज्यातल्या हजारो गावांच्या शेपटाचा अर्थ आजीकडून कळला!

आता झालं काय होतं ते बघा. नावाने जुळवताना सॉफ्टवेअरला 'वडगाव'च्या दोन ओळी दिसल्या. त्याने त्यातली एकच उचलली आणि दोन्ही गावांना चिकटवली. उचलली ती बुद्रुकची, जिथे विहिरींना पाणी होतं आणि टँकरच्या खेपा शून्य. खुर्दला रोज तीन खेपा लागत होत्या. नकाशावर मात्र खुर्द हिरवंगार! एरर नाही, 'नल' नाही, पांढरा डाग नाही. बुद्रुकने खुर्दची प्रॉक्सी लावली होती. हा नकाशा बघून कुणी टँकरचं नियोजन करायला बसलं असतं तर सगळ्यात आधी खुर्दच्या तीन खेपा कापल्या असत्या, आणि त्यांच्यासमोर ठेवायला आपल्याकडे रंगीत पुरावा असता. मग कोडने जॉईन केला. खुर्द लाल झालं, बेरीज ६४ भरली.

हे एका तालुक्यापुरतं झालं. पण अशीच प्रॉक्सी अख्ख्या जिल्ह्याची लागू शकते. पालघर घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. २०११ ची जनगणना ३५ जिल्ह्यांची. आजचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा घेऊन त्याला २०११ चा जिल्हावार तक्ता नावाने जोडला तर पालघर कोरं राहतं, आणि ते निदान दिसतं तरी. ठाण्याकडे मात्र कुणी बघतच नाही, कारण ठाणे छान जुळलेलं असतं. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८ लोकांचा. ते सगळे लोक आजच्या छोट्या ठाण्यात कोंबले जातात. यातले सुमारे ३० लाख लोक पालघरच्या आठ तालुक्यांतले आहेत. आजच्या ठाण्याच्या हद्दीत २०११ साली जेमतेम ८१ लाख लोक होते. क्षेत्रफळाने भागलं तर चौरस किलोमीटरला एकोणीसशेच्या आसपास माणसं यायला हवीत, तिथे सव्वीसशे येतात. आहे की नाही चमत्कार?

लोकसंख्येपेक्षा मला दुसरा आकडा जास्त लागला. अखंड ठाण्यात आदिवासींचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. तेच आकडे तालुक्यांप्रमाणे वेगळे केले तर पालघरमध्ये ते सुमारे ३७ टक्के निघतं आणि उरलेल्या ठाण्यात पाचच्या आसपास. म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हे तालुके कल्याण-डोंबिवलीच्या गर्दीत मिसळून १४ टक्क्यांच्या सरासरीत दिसेनासे झाले होते. पालघर कोरं ठेवलं तर हे लोक नकाशावरून जातात, आणि 'ठाण्याचाच आकडा पालघरला देऊ' म्हटलं तर मोखाड्याच्या नावाने डोंबिवली हजेरी लावते. बरोबर रस्ता लांबचा आहे. अखंड ठाण्याचे पंधरा तालुके घ्यायचे, आठ पालघरला, सात ठाण्याला अशी वाटणी करायची, त्यांच्या बेरजा करायच्या आणि मग जॉईन. माहिती होतीच, फक्त ती एक पायरी खाली तालुक्यात जाऊन आणायची.

नावांचंही तसंच. २०११ च्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहेत. २०२३ मध्ये पहिले दोन जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये तिसरा अहिल्यानगर. नवीन नकाशाला जुना तक्ता नावाने जोडला तर हे तिन्ही जिल्हे पांढरे. कोडने जोडला तर ५१५, ५२५ आणि ५२२ मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन बसतात. पण कोडलाही देव मानू नका. जनगणनेचा कोड वेगळा आणि पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा वेगळा. दोन्ही नुसते आकडेच, दोन्ही जिल्ह्यांचेच, आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर पुन्हा प्रॉक्सी. पालघरला तर २०११ चा कोडच नाही, कारण तेव्हा पालघर जिल्हाच नव्हता!

आता ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी, कारण पुढच्या वर्षी हेच तुमच्या वाट्याला आहे. जॉईन करण्याआधी दोन्हीकडच्या ओळी मोजा. ज्या रकान्यावर जुळवणार त्यात एकच नाव दोनदा नाही ना, ते बघा. जॉईन झाल्यावर 'नल' किती ते मोजा, आणि उलटीकडूनही बघा की शीटमधली कुठली ओळ बिनघराची राहिली. ती तर नकाशावर पांढरीसुद्धा दिसत नाही, सरळ गायब होते. टँकरच्या तक्त्यांमध्ये गावांबरोबर वाड्याही असतात आणि वाडीला गावाच्या लेअरमध्ये स्वतःची सीमा नसते. आमच्या शीटमध्ये वाड्या गावातच धरलेल्या होत्या म्हणून आम्ही वाचलो. आणि शेवटी बेरीज. ती करायला पाच मिनिटं लागतात आणि ती कुणाचं तोंड बघून बोलत नाही.

आमच्या फायनल नकाशात सूचीच्या तळाशी एक पांढरा चौकोन आहे. त्याच्यापुढे बहुतेक नकाशांत 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असतं. आम्ही 'बेचिराख गाव, वस्ती नाही' असं लिहिलं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळे रंग सोडून त्याच चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कसं कळलं?" आम्ही म्हटलं, "सर, विचारलं."